तिच्याच घरचा जावई

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. मिस्टरांजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवाजवळही नाही. देवाला माहीत असेलच म्हणा, पण मी होऊन काही सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जीभ जरा सुटते. आणि आधीच सांगून ठेवते, गोष्ट माशांची आहे. बोटभर लांबीच्या माशांची. हसू आलं तर खुशाल हसा. मीसुद्धा इतकी वर्षं स्वतःची समजूत अशीच घालत आले — अगं, मासे तर आहेत!

मी भोरला राहते. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आता निवृत्त. परीक्षानळ्या धुता धुता चार गोष्टी शिकले, पण तोरा मात्र विज्ञानाच्या बाईंपेक्षा जास्त. शोभा, माझी मैत्रीण, वरंध घाटाच्या वाटेवरच्या हिर्डोशीची. तिथल्या अंगणवाडीत सेविका. महिन्यातून एकदा मीटिंगला भोरला यायची. बाजारात तेव्हा पाळायच्या माशांचं एक छोटं दुकान होतं. तिथं आम्ही दोघी एकाच काचेला नाक लावून उभ्या होतो, तीच आमची ओळख. मासे पाळणाऱ्या दोन बायका, त्याही आमच्या भोरात! दुकानदार बाकीची गिऱ्हाइकं सोडून आमच्याकडंच बघत राहिला.

पानशेतला पुण्याच्या एका साहेबांचं सुट्टीचं घर होतं. माझे मिस्टर तिथं वायरिंगच्या कामाला गेले आणि निरोप घेऊन आले — साहेब परदेशी चाललेत, मासे कुणा चांगल्या घरी द्यायचेत. एपिस्टो म्हणतात त्या माशांना. लांब दक्षिण अमेरिकेतल्या नदीतून धरून आणलेले, दुकानासाठी पैदास केलेले नव्हेत. नर बोटाएवढा, मादी त्याच्या निम्मी. नारळाच्या करवंटीला भोक पाडून पालथी घातली की मादी आत जाऊन अंडी घालते, आणि पिल्लं राखायला लागली की अंगभर पिवळीधमक होते, हळद लागलेल्या नवरीसारखी.

मी शोभालाही बरोबर नेलं. साहेबांनी दोन जोड्या मला दिल्या, दोन शोभाला, आणि नीट बसवून समजावलं. दोन घरांत दोन वंश वेगळे ठेवा. दरवर्षी एकमेकींकडचे नर बदलून घ्या. बहीणभावंडांचीच जोडी लागत गेली तर चार-पाच पिढ्यांत सगळा कारभार आटोपतो. दुकानातला मासा यांच्यात कधी सोडू नका. आणि एखाद्या घरचा वंश गेलाच, तर मला लगेच कळवा. पुण्यात तिसऱ्या एका घरी यांच्यातल्याच दोन जोड्या दिल्यात, तिथून नवं रक्त मिळेल. मी वही काढून लिहून घेत होते. शोभाला लिहायची गरजच पडली नाही.

"म्हंजी आपल्यावानीच की," ती म्हणाली. "मामाची पोरगी चालंल, पर सख्खी भन न्हाई."

त्या दिवसापासून आम्ही विहिणी झालो. तुळशीचं लग्न लागलं की आमचीही लग्नसराई. ती पिशवीत पाणी भरून तिच्याकडचा नर घेऊन यायची, माझ्याकडचा घेऊन जायची. त्यांना जावईच म्हणायचो. मानपानही चालायचा — मी नारळ द्यायचे, ती नाचणीचं पीठ आणायची, आणि "आमच्या जावयाला नीट खायला घाला, विहीणबाई, मागल्या वर्सावानी वाळवू नका," असं वर ऐकवायची. मीही कमी नव्हते. माझ्या आयुष्यातली खरीखुरी गंमत तेवढीच होती, हे आता कळतं.

एकदा पिशवीची गाठ मारता मारता ती सहज बोलून गेली, "माणसात न्हाई तर माशात तरी झाली की आपली सोयरीक, ताई."

शोभा बौद्ध. आम्ही मराठे. मी हसले. दुसरं काय करणार होते? ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत येते, माझ्या कपातून चहा पिते, याचं मला मनातून केवढं कौतुक होतं — तिचं नव्हे, माझं स्वतःचं. आणि नीट बघा, ती मला "तुमी" म्हणायची, मी तिला "तू". वयाचं निमित्त होतंच. पण एकीनं अहो-जाहो करायचं आणि दुसरीनं अगं-तुगं, अशा कुठल्या विहिणी असतात?

आता मुद्द्यावर येते. यायचं नाहीये, तरी येते.

तिसऱ्या वर्षी शोभाला दुकानातला एक लालभडक एपिस्टो फार आवडला. एकच घेऊ का म्हणून तिनं मला विचारलं. मी तिला अर्धा तास फैलावर घेतलं — साहेबांनी काय सांगितलं होतं, रोग येतो, वंश बिघडतो, तुला एवढंही कळत नाही का. तिनं बिचारीनं तो घेतला नाही. आणि त्यानंतर महिन्याभरात मी पुण्याला गेले असताना तसलीच एक लाल जोडी घेऊन आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. वेगळ्या टाकीत ठेवायचीही तसदी घेतली नाही. दिसायला फार देखणी होती ना! पाहुण्यांना दाखवायला समोरच्या टाकीत हवी होती.

आठ दिवसांत माझे नदीचे मासे एकेक करून उताणे व्हायला लागले. जाळी आणि पाइप मी सगळीकडं एकच वापरायचे, त्यामुळं सहाच्या सहा टाक्यांत रोग पसरला. एक उरला नाही.

तुळशीचं लग्न पंधरा दिवसांवर. तेव्हा साहेबांना फोन करायचा होता. शोभाला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिनं माझा एकदा हात धरला असता, एकदा चेष्टा केली असती, आणि आम्ही दोघी पुण्याला जाऊन नवी जोडी घेऊन आलो असतो. इतकंच. पण मग तो अर्धा तास? ज्या तोंडानं तिला फैलावर घेतलं, त्याच तोंडानं आता काय सांगू?

नसरापूरला एक दुकानदार होता. शोभाची जास्तीची पिल्लं आम्ही त्याला द्यायचो आणि बदल्यात खाद्य घ्यायचो. मी तिथं गेले. शोभाच्याच घरची, एकाच वेळची सात पिल्लं त्याच्याकडं मोठी झाली होती. ती सातही घेऊन आले. त्यातला सगळ्यात उमदा नर निवडून तुळशीच्या लग्नानंतर मी शोभाच्या हातात ठेवला. म्हटलं, घे, आमच्या घरचा. तिनं पिशवी उजेडाकडं धरून बघितली आणि म्हणाली, "ह्यो अगदी आमच्यासारखाच दिसतोय की." मी म्हटलं, सहवासानं दिसतो. आणि आम्ही दोघी हसलो.

तिचाच मुलगा तिला जावई म्हणून दिला. एक वर्ष नाही, चार वर्षं. माझ्या टाक्यांत तिच्याच वंशाची पिलावळ, आणि दरसाल त्यातलाच एक परत तिच्याकडं. वहीत मात्र दोन वंश दोन रंगांच्या शाईनं, अगदी शिस्तीत.

दुसऱ्या वर्षी अंडी कमी झाली. तिसऱ्या वर्षी अंडी पांढरी पडून बुरसायला लागली. चौथ्या वर्षी वाकड्या कण्याची पिल्लं आली. माझ्याकडंही येत होती. मी ती सकाळीच काढून टाकायचे, कुणी बघायच्या आत. शोभा टाकत नव्हती. तिनं एक तसलं पिल्लू डब्यात घालून एसटीनं भोरला आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. कण्याला पीळ पडलेला, पोहताना एका अंगावर कलायचं. "ताई, माझं काय चुकतंय ओ?" तिनं विचारलं.

आणि मी — हेही सांगून टाकते — मी म्हटलं, "तुझ्या पाण्यातच दोष असणार. माझे बघ कसे ठणठणीत आहेत."

मला माहीत होतं तिचं पाणी कसलं आहे ते. डोंगरातल्या झऱ्याचं, हलकं, या माशांना हवं अगदी तसं. मी स्वतः तपासलं होतं. माझ्याकडं नळाच्या पाण्यात बोअरचं मिसळलेलं, जड. माशांना मानवावं म्हणून मलाच ते बादलीत बदामाची पानं टाकून मुरवावं लागायचं. तिच्या त्या पाण्यावरून मी तिच्यावर जळायचे. आणि त्याच पाण्यावर मी खापर फोडलं. कुणाच्या पाण्यावर? जी दरवर्षी वरंध घाट उतरून महाडला चवदार तळ्यावर जाऊन येते, तिच्या. बोलताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं म्हणू का? आलं होतं. शब्द तोंडातून निघाला त्याच क्षणी आलं होतं. मागे घेतला नाही.

तिनं डब्यावर झाकण लावलं. मग म्हणाली, "आमचं पाणी वाईट म्हननारी माणसं माझ्या आयेनं लई बघितली. पर तुमी म्हनताय म्हंजी खरंच आसंल."

खरंच असेल! चिडली असती, डबा आपटून गेली असती, तर मला आज थोडं तरी सोपं झालं असतं.

त्या दिवशी माझ्याकडचं दहा लिटरचं कॅन भरून तिनं नेलं. मीच सुचवलं होतं. नंतर दर मीटिंगला रिकामं कॅन घेऊन यायची, माझ्या नळाखाली भरायची, एसटीत पायाशी ठेवायची, आणि उतरल्यावर वाडीपर्यंत चढानं डोक्यावर घेऊन जायची. घराशेजारी बारमाही झरा असलेली बाई माझं जड पाणी वाहत होती. सात महिने. त्या पाण्यानं उरलीसुरली अंडीही गेली. मी कॅनला हात लावून एसटीत चढवू लागायचे, एवढं माझं मोठं मन.

मधे एकदा मला अगदीच राहवलं नाही. गच्चीवर जाऊन साहेबांना फोन केला, तिसऱ्या घराबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्या लोकांनी टाक्या मोडून टाकल्या, मासे गेले. वर्षभर आधी विचारलं असतं तर मिळाले असते. म्हणजे जे काही होतं ते शोभाच्या घरात आणि माझ्या घरात, आणि ते एकच होतं.

मग तिनं एक गोष्ट केली. झऱ्याचं पाणी अंगणवाडीची पोरंही पितात, तेव्हा तिला घोर लागला. पाणी वाईट असेल तर पोरांच्या पोटात काय जात असेल? तिनं ते तपासायला दिलं. कागद घेऊन ती माझ्याकडं आली. पाणी उत्तम होतं. मी कागद वाचला, घडी घातली, परत दिला. आता ती विचारणार, मग ताई, तुमी आसं कसं म्हनलात? तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. वाटतं आपलं.

तिनं विचारलं नाही. कागदाकडं बघत म्हणाली, "पानी चांगलं हाय. मग माझे हातच वाईट."

खोटं मी आधी बोलले होते, घाईत, लाजेपोटी. पण त्या वेळी घाई नव्हती. आम्ही दोघीच होतो, चहा निवत होता, आणि ती स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघत होती. अंगणवाडीची पोरं ज्या हातांनी भरवून मोठी केली, ते हात. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "चहा घे, गार होतोय."

पुढच्या महिन्यात तिनं तिचे उरलेले पाच मासे मला आणून दिले. तुमच्या हाती तरी जगतील, म्हणाली. तिच्या दोन्ही टाक्या तिनं धुऊन अंगणवाडीत नेल्या. आता त्यांत पोरांची खेळणी असतात. मीटिंगला आली की अजून माझ्याकडं येते. कॅन आणत नाही. विहीणबाई म्हणते.

माझ्याकडं तिचे पाच आणि माझे म्हणवणारे तीन उरले होते. एका माणसाच्या हौसेपायी नदीतून इतक्या लांब आलेले, दुसऱ्या माणसाच्या तोऱ्यापायी संपत चाललेले. शेवटची मादी पिवळी झाली नाही. शेवटचा नर या सोमवारी गेला.

काल शोभाचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर तिनं नेहमीप्रमाणं विचारलं, जावई कसे हायत? मी रिकाम्या टाकीपुढंच उभी होते. मिस्टरांनी पंप अजून काढला नव्हता, पाण्यात बुडबुडे येत होते. म्हटलं, मजेत आहेत.

"तुमच्या हाताला गुण हाय, विहीणबाई," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.