काट्यावरची ग्रिड

मलकापूरच्या आमच्या जिनिंगमधे सरकीपेक्षा किस्सेच जास्त निघाले. सरकी तरी विकली जाते, किस्से मात्र माह्याच जवळ साचून राह्यले. मी काट्यावर कापूस मोजायचो. शाळा सातवीतच सुटली, म्हणून कम्प्युटर आला तेव्हा शेठनं मले त्याच्यापासून दूर बसवलं.

प्रोग्रॅमर मेहकरचा प्रदीप. काट्यासमोरच्या गाड्यांची नावं पडद्यावर ओळी-खान्यांत दिसायची, त्याले तो ग्रिड म्हणे. शेठनं त्याले बजावलं होतं, "हंगामभर लाइनीत भांडण झालं नाही तर तू कायम. झालं, तर तू अन् तुहा हा कम्प्युटरचा डबा, दोघंबी मेहकरच्या यष्टीत."

*

प्रदीपनं कोड लिहून थांबलेल्या गाड्यांच्या ओळी लाल केल्या. वडनेर भोलजीचे किसनभाऊ लाल ओळीत आपलं नाव पाहून बैल वळवू लागले.

"काऊन हो भाऊ?" मी विचारलं.

"कापूस नापास केला ना बे तुमच्या डब्यानं."

दुपारपर्यंत ओळी पिवळ्या झाल्या.

*

शेठले गादीवरून दिसावं म्हणून त्यानं अक्षरं मोठी केली. शेठ म्हणे, "आणखी." मग पुन्हा, "आणखी." शेवटी पडद्यावर एकच गाडी मावली. बाहेर लाइन फाटकापर्यंत, अन् शेठ म्हणतात, "आज आवक कमी हाय."

*

मग एकदा नावाच्या खान्यावर माऊस दाबला गेला. ओळी अक्षरांप्रमाणं लागल्या अन् सगळ्यात मागचे अंबादास सगळ्यांच्या पुढं. जुंपता जुंपता राह्यली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर लाइनीत सगळेच अंबादास, अर्जुन अन् अशोक. किसनभाऊ म्हणे, "माहं पाळण्यातलं नाव अर्जुनच हाय." हे त्यायले कोणी शिकवलं, ते मले विचारू नका.

प्रदीपचा चेहरा पडला. त्यानं कोडच बदलला. आता कुठंबी दाबा, आधी आला तो आधी.

*

अन् नेमका शेठचा मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला. दरसाल पुढं घुसायचा. "मले पुढं घ्या." लाइनीतल्यांनी बाह्या सरसावल्या. प्रदीप घामाघूम.

"ग्रिड घेत नाही, शेठ. कोडच तसा हाय."

शेठनं पडद्याकडे बोट केलं. मग मेहुण्याले म्हणे, "आता ग्रिडच नाही म्हणते, तर मी काय करू?"

मेहुणा मुकाट मागं गेला. शेठ हळूच बोलले, "इतकी वर्षं मले हे म्हणता आलं नव्हतं. प्रदीप, तू कायम."

तेवढ्यात फोन वाजला. घरून शेठाणी. शेठनं रिसीव्हर प्रदीपपुढं केला, प्रदीपनं परत शेठपुढं. आवाज काट्यापर्यंत येत होता, "माह्या भावाले लाइनीत लावणारा हा ग्रिड कोण हाय? द्या त्याले फोन."

मी उठलो अन् रिसीव्हर घेतला.

"नमस्कार वहिनी. ग्रिड बोलून राह्यलो."