तिसऱ्या दांडीची खाच

सासऱ्यांनी मला एवढंच सांगितलं होतं: गाडीची पुढची जाळी सोडवा, तिच्यामागची गंजलेली लोखंडी पट्टी बदला आणि जाळी होती तशी परत लावा. कुणाही मेकॅनिकने तासाभरात केलं असतं. पण मी इंजिनियर होतो, आणि सांगितलं तेवढंच काम केलं तर मला अन्न पचत नसे.

गाडी त्यांची. स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, काळी, गोल पाठीची. मुंबईत एका पारशी डॉक्टरांकडे त्यांनी सत्तावीस वर्षं ड्रायव्हरी केली. डॉक्टर गेले, बाईंनी बंगला विकला आणि गाडी यांच्या नावावर करून दिली. दुसऱ्या कुणी ती आठवड्याभरात विकून कोकणात घराला कौलं घातली असती. यांनी ती चाळीमागच्या बोळात ताडपत्रीखाली ठेवली आणि रोज सकाळी पुसली.

ऐंशी साल उलटल्यावर सासूबाई गेल्या. सासऱ्यांची नजर काचबिंदूने उतरत चालली होती. उजेड, अंधार आणि माणसाचा आकार, एवढंच कळायचं. तेव्हा बायकोने त्यांना आमच्याकडे नेरूळला आणलं. ते सहजासहजी तयार झाले नाहीत. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणी पिणंही कमीपणाचं मानत. शेवटी एकाच अटीवर आले, गाडी बरोबर येईल. नेरूळला तेव्हा माणसांपेक्षा मोकळी जागा जास्त होती. बिल्डिंगच्या मागे एक आंबा सोसायटीने चुकून शिल्लक ठेवला होता, त्याखाली गाडी उभी राहिली.

घरात त्यांचा आवाज नसे. मला ‘जावईबापू’ म्हणत, अहोजाहो करत. चहात साखर विसरली तरी तसाच पीत. भात दुसऱ्यांदा कधी मागितला नाही. माणूस शांत आहे, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो. लेकीच्या घरी राहणाऱ्या बापाला तक्रारीची सोयच नसते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

रविवार मात्र त्यांचा. सकाळी अंघोळ करून ते गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसत, इंजिन चालू करत आणि पंधरा मिनिटं नुसतं ऐकत. मग मी त्यांना बेलापूरच्या रिकाम्या रस्त्यावरून फिरवून आणायचो. शेजारी बसून ते कानाने गाडी चालवत. “आता थर्ड टाका,” म्हणत, आणि गाडीलाही तेव्हाच थर्ड हवा असे.

खाडीच्या वाऱ्याने दोन वर्षांत गाडीला धरलं. पायाखालचा पत्रा कुजला, दरवाज्यांच्या तळाशी फोड आले. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होतो. लोखंडी सामानाला जस्ताचा मुलामा द्यायचा, हा आमचा धंदा. भंगारातला चांगला पत्रा आणून मी गाडीचा तळ नवीन केला. सासऱ्यांनी उकिडवं बसून वेल्डिंगवरून बोटं फिरवली आणि “बेस्ट,” म्हणाले. मग त्यांनी कुजलेल्या पत्र्याचे तुकडे मागून घेतले.

ही त्यांची जुनी शिस्त. गॅरेजमध्ये एखादा पार्ट बदलला की जुना पार्ट कागदात गुंडाळून आणायचा आणि मालकासमोर ठेवायचा. नवीन घातला म्हणून पैसे घेतले आणि जुनाच ठेवला, असं कुणी म्हणायला नको. डॉक्टर त्याकडे बघतही नसत, तरी सत्तावीस वर्षं यांनी ते केलं. आता मालक स्वतःच होते, पण सवय सुटली नव्हती. पलंगाखालच्या लाकडी पेटीत ते सगळे पार्ट होते. पिस्टनच्या रिंगा, झिजलेले ब्रेकचे लायनर, एक फुटका दिवा. आता त्यात माझ्या पत्र्याचे तुकडेही गेले.

राहता राहिली जाळी. रेडिएटरच्या पुढची, उभ्या दांड्यांची, एकेकाळी चांदीसारखी चकचकीत. तिच्यामागची आधाराची पट्टी लोखंडाची होती. ती गंजून तिचे तांबडे ओघळ दांड्यांवरून उतरले होते. डावीकडून तिसऱ्या दांडीला एक खाच होती, करंगळीचं टोक बसेल एवढी. डॉक्टरांना एका बाळंतपणाला पोचवताना वळणावर हातगाडीचा दांडा लागला, ती ही खाच. बाईंचं म्हणणं जाळी बदला. डॉक्टर म्हणाले, राहू दे, पोरगी वेळेवर जन्मली ना. दर दसऱ्याला सासरे झेंडूच्या तोरणाचा दोरा त्या खाचेत अडकवून गाठ मारायचे. खाचेमुळे तो खाली घसरत नसे. गाठ मारताना ही गोष्ट दरवर्षी सांगायचे, आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यांनी मला पट्टी बदलायला सांगितली. आयुष्यात मला सांगितलेलं ते एकच काम. मी जाळी सोडवली, ओघळ बघितले आणि ठरवलं की नुसती पट्टी काय बदलायची? आख्खी जाळी आमच्या ॲसिडच्या टाकीत वीस मिनिटं बुडवू, गंज मुळासकट निघेल, मग नवीन क्रोम चढवून आणू. म्हाताऱ्याला धूसर का होईना, चमक दिसेल. हेतू चांगला होता, हे मी अजूनही स्वतःला सांगतो. त्यात शेखीही होती, हे सांगायला मात्र बरीच वर्षं लागली.

खंडेनवमीचा दिवस निवडला. त्या दिवशी कारखान्यात पूजा असते. हत्यारं धुऊन मांडतात, मशीनला हार घालतात, दुपारनंतर कुणी कामाला हात लावत नाही. कंपनीच्या टाकीत घरचं सामान बुडवायला याहून बरा मुहूर्त कुठला? टाकीवर शिरवणे गावचा एक जुना कामगार असे. त्याने जाळी हुकाला लावताना हातात तोलली.

“सायब, यो लोखंड नाय वाटत मना. हलका लागतंय.”

मी म्हटलं, टाक तू. त्याने टाकली.

माझ्या टेबलाच्या खणात टाचण्या उचलायचं लोहचुंबक होतं. ते जाळीला लावून बघायला एक मिनिट लागलं नसतं. दांड्या जस्ताच्या ओतकामाच्या होत्या, वरून फक्त क्रोमचा मुलामा. आणि ॲसिड जस्ताला काय करतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाया गेलेल्या मालावरचं जस्त आम्ही त्याच ॲसिडने उतरवायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझा बैल जस्ताच्या गोठ्यातच रिकामा राहिला.

वीस मिनिटांनी परत यायचं होतं. पण पूजा लांबली. मालकांनी भाषण केलं. मग प्रत्येक मशीनपुढे नारळ फोडायचा मान मला मिळाला, आणि तो मी मिरवत घेतला. हातात पेढ्याचा पुडा घेऊन टाकीवर आलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. दुधावर साय धरावी तसा फेस आला होता. हुक वर घेतला. जाळी दिसत होती तशीच, दांडी न् दांडी. मी हात लावला आणि ती अंड्याच्या टरफलासारखी चुरली. आतलं सगळं विरघळलं होतं, क्रोमचा पापुद्रा तेवढा उभा होता. तिसऱ्या दांडीचा बोटभर तुकडा काय तो भरीव राहिला होता, खाचेसकट. कामगार पोतं घेऊन आला आणि आम्ही तुकडे गोळा केले. पोतं मी कारखान्यातल्या माझ्या कपाटात टाकलं.

घरी सांगितलं, जाळी प्लेटिंगवाल्याकडे आहे, त्याच्याकडे गर्दी आहे. दसऱ्याला सासऱ्यांनी तोरण बंपरला बांधलं. “यंदा म्हातारीची कवळी दुरुस्तीला गेलीय,” गाडीला थोपटत एवढं म्हणून हसले. मीही हसलो.

मग धावाधाव केली. शिरवण्याजवळ पत्र्याचं काम करणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून फोटोवरून नवीन जाळी करून घेतली. दांड्या मोजून तितक्याच, अंतर तेवढंच, क्रोम इतकं की त्यात दाढी करावी. खाच करायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. दोष तेवढा कोण मुद्दाम घडवतो? दिवाळीच्या आधी मी ती बसवली आणि सगळ्यांना खाली बोलावून दाखवली. शेजारी म्हणाले, गाडी नवरी दिसते. बायकोने माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की खरं सांगायचं धैर्य होतं नव्हतं तेही गेलं.

दिवाळी पाडव्याच्या सकाळी, जाळी परत आली म्हणून, सासरे तोरण घेऊन खाली आले. एका हातात दोरा धरून त्यांनी दुसऱ्या हाताने दांड्या मोजल्या. एक, दोन, तीन. तिसरीवरून बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग चौथीवर, मग परत पहिलीपासून. मी शेजारी नारळ घेऊन उभा होतो. त्यांनी शेवटी दोरा तिसऱ्या दांडीलाच बांधला. गाठ घसरत खाली आली आणि तोरण बंपरवर टेकलं. ती गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही.

संध्याकाळी बायको फराळाचं ताट घेऊन शेजारी गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो. ते पलंगावर बसले होते, पायापाशी पेटी उघडी होती. बराच वेळ त्यांनी शब्द जुळवले असावेत.

“जावईबापू, जुना पार्ट असंल तर द्या. तुकडे असले तरी चालतील. पेटीत ठेवतो.”

खरं सांगायला त्यांनी दार उघडून धरलं होतं. कुठे गेली, कशी गेली, काहीच विचारलं नव्हतं. पोतं कपाटात होतं, खाचेचा तुकडा त्यात होता. आणायला एक दिवस पुरला असता. मी म्हटलं, “जुना पार्ट कसला? तीच जाळी आहे. खड्डे भरून क्रोम चढवलंय.”

“बरं,” म्हणाले, आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी ते पोतं भंगारात घातलं. पुरावाच नको, असा विचार होता. आज लिहितानाही त्या तुकड्याची आठवण आली की माझा मलाच राग येतो.

त्यानंतरच्या रविवारी ते खाली गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी पडसं होतं. मग मी विचारायचं बंद केलं. गाडी आंब्याखाली उभी राहिली, बॅटरी उतरली. नवीन जाळी चकचकीत राहिली आणि तिच्यामागे बाकीची गाडी गंजत गेली. वर्षभराने त्यांनी स्वतःच लेकीकडे विषय काढला, विकून टाका, उगीच सोसायटीची जागा अडते.

गिऱ्हाईक मुंबईहून आलं, जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ. सासरे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली उतरले आणि त्यांनी पेटी खाली आणायला लावली. बॉनेटवर कागद पसरून एकेक पार्ट हाताने चाचपत त्याच्यासमोर मांडला. हे डॉक्टरांच्या वेळचं, हे नंतरचं, हा तळाचा पत्रा, जावयांनी नवा घातला, फस्क्लास काम आहे. गिऱ्हाईक खूश झालं. त्याने जाळीवर टिचकी मारली आणि ही ओरिजिनल ना, असं विचारलं.

गाडीची किल्ली माझ्या हातात होती. सासऱ्यांनी माझ्या दिशेला मानही वळवली नाही.

“नाय साहेब. ती नवीन करून घेतली. जुनी माझ्या हातून हरवली.”

सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक पार्ट हरवला नव्हता. गिऱ्हाइकाने किल्लीसाठी हात पुढे केला. मी ती दिली.