कंटाळवाणा वाटलेला दुसरा भाग

मंडळी, आज दुपारी सोनागिरीच्या आमच्या घरी टीव्हीवर एक जुना अंतराळपट लागला होता. त्याच्या पहिल्या भागातल्या यानांच्या लढाया मला तोंडपाठ होत्या. हा दुसरा भाग मात्र कॉलेजात असताना पाहिला आणि पार निराश झाले. यात लढाईच नाही. पृथ्वीवर परतलेला नायक अर्धा सिनेमा फक्त पुन्हा चालायला शिकतो.

आज सोबत बाबा होते. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा पाय नीट उचलत नाही आणि हल्ली त्यांनी व्यायामही सोडला होता. नायक धडपडून पडला, तशी मी चॅनल बदलायला रिमोट उचलला.

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

नायक भिंतीला धरून उठेपर्यंत ते टक लावून बघत होते. जाहिराती सुरू झाल्यावर म्हणाले, "माझा वॉकर आण."

ते खिडकीपर्यंत गेले. दम लागला होता, पण हसत होते. "त्याला अर्धा सिनेमा लागला. मलाही थोडा वेळ दे."

कॉलेजात तेव्हा मला वाटलं होतं, या सिनेमात काही घडतच नाही. केवढं तरी घडत होतं.

तुमचाही असा एखादा नावडता सिनेमा आहे का, जो फार उशिरा आवडला?