पायरीखालचा वजनकाटा

आमच्या गावातलं आरोग्य उपकेंद्र पावसात गळायला लागलं, तेव्हा गरोदर बायांची महिन्याची तपासणी आमच्या घरी ठेवा, असं मीच तिथल्या सिस्टरना सुचवलं. केदारखेड्याच्या बाजाराला जाताना लोक त्याबद्दल मला चांगलं म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

बीपीचं यंत्र आणि तपासायची खाट वर ओसरीवर असे. वजनकाटा मात्र खाली अंगणात, कारण सपाट फरशी तिथेच होती. ओसरीला तीन पायऱ्या. आमच्या भावकीतल्या सुना वर येत. बौद्ध वस्तीतल्या बाया खाली वजन करून, गोळ्या घेऊन जात. वर येऊ नका, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या सासवा त्या पायऱ्या कधी चढल्या नव्हत्या, तेवढंच.

त्यांच्यातली एक आमच्याच शेतात कापूस वेचायला यायची. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. त्या दिवशी ती काट्यावर उभी राहिली आणि सिस्टर वरून म्हणाल्या, "एका महिन्यात चार किलो! सासू तूप चारून राह्यली का गं?"

"तूप कुठलं बाई! पायच सुजून राह्यले, त्याचंच वजन."

सगळ्या हसल्या. मी पेपर वाचत बसलो होतो, मीही हसलो.

"वर ये, बीपी बघते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

"राहू द्या बाई, आज जल्दी हाये. गोळ्या तेवढ्या द्या," असं म्हणून ती गेली.

आठ दिवसांनी सकाळी तिचा नवरा धावत आला. तिला झटके येत होते. माझ्याच गाडीतून आम्ही तिला भोकरदनला नेलं आणि तिथून जालन्याला. ती वाचली. मुलगी पोटातच गेली होती.

"बीपी कधी मोजलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्यानं खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं, त्याला वाचता येत नव्हतं. वजन चार वेळा लिहिलेलं होतं, प्रत्येक वेळी बरोबर. बीपीच्या चारही जागा कोऱ्या होत्या. मी तसं सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

घरी येऊन मी भावकीतल्या सुनांची कार्डं मागून पाहिली. एकाही कार्डावर ती जागा कोरी नव्हती.

आता तपासणी शाळेच्या खोलीत होते, सगळ्यांची एकाच टेबलावर. हे मी पहिल्याच महिन्यात करू शकलो असतो. खोली तेव्हाही रिकामीच होती.

महिनाभरानं मी तिच्या घरी गेलो. तिनं बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला वर ये म्हणायला पाहिजे होतं."

ती चुलीकडे बघत होती. "म्हणले असते तं आले असते मी, भाऊ," ती म्हणाली आणि चहात साखर किती घालू, ते विचारलं.