टॉवेलाखालची वही

मी गोंदियाकडचा, सातवीतच शाळा सोडलेला. कोल्हापुरात फाउंड्रीत कामाला लागलो. खोलीवर आम्ही चौघांनी एकाच ब्लेडनं दाढी केली, मग कुणीतरी एचआयव्हीची भीती घातली, म्हणून दवाखान्यात रक्त तपासायला गेलो.

तपासणारा माणूस मिशाळ, चष्मा कायम कपाळावर. त्याच्याकडे नवं स्वयंचलित मशीन आलं होतं. ते खरं सांगतं का हे बघायला तो प्रत्येक रक्त आधी हातानं तपासायचा, निकाल वहीत लिहायचा आणि वहीवर टॉवेल टाकायचा.

"टॉवेल कशाला?"

"कॉपी करतंय की!" तो मशीनकडे डोळे वटारून म्हणाला.

तेवढ्यात माझ्या नंबरच्या दोन नळ्या मशीनमध्ये जाताना दिसल्या. मी पुढं सरकून विचारलं, "साहेब, काही निघालं का?"

"पावणं, परीक्षा तुमची न्हाय, त्याची हाय. दोनदा इचारलं तर तेच सांगतंय का बघतोय."

तासाभरानं त्यानं टॉवेल उचलला, ताडून पाहिलं आणि मशीनची पाठ थोपटली. "हातानं निगेटिव्ह, मशीनवर दोन्ही येळा निगेटिव्ह. गडी पास! आता सोताचं ब्लेड घ्या."

मी त्याला वाकून नमस्कार केला. तो वळल्यावर गुपचूप मशीनलाही केला.