भाऊबीजेला विचारलेला प्रश्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, संशोधन संस्थेतल्या मैत्रिणींना नाही. ज्या विद्यार्थ्यांना मी मुलाखत कशी घ्यावी ते शिकवते, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण गेल्या महिन्यात मी एका वास्तुशांतीला जेवून आले आणि तेव्हापासून गप्प बसणं जमेनासं झालंय.

काम साधं होतं. खडकवासल्याच्या पुढचं एक गाव. पुणं त्याच्या वेशीपर्यंत येऊन ठेपलेलं, बिल्डर घरोघरी चहाला येऊ लागलेले. जमिनी विकल्या जाताना घरातल्या नात्यांचं काय होतं, हे आमच्या संस्थेला पाहायचं होतं. माझ्या वाट्याला बहिणी आल्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावांना सोडून देतात. का? राजीखुशीने?

या बहिणी चहूकडे पांगलेल्या. एक येरवड्याला, एक सासवडला, एक पार सोलापूरला. एकेकीला कुठे गाठत बसणार? मला युक्ती सुचली आणि तिचा मला फार अभिमान वाटला. भाऊबीजेला सगळ्या माहेरी येतात, तेव्हाच जायचं. गेले. भावाला नुकतं ओवाळून झालेलं, मांडीवर त्याने दिलेली साडी, समोर तो स्वतः बसलेला, आणि मी विचारते आहे : ताई, जमिनीतला वाटा तुम्हाला हवा का? काय सांगणार बिचाऱ्या? सगळ्यांनी एकच सांगितलं. जमीन घेऊन काय करायचंय, माहेर राहू दे.

इथवरची चूक मी केव्हाच कबूल केली असती. पद्धतीतली चूक. होते. वर्गात उदाहरण म्हणून सांगून हशाही मिळवला असता.

पण त्यात सुनंदा होती. (नाव बदललंय.) आत, भावासमोर, तिनेही तेच उत्तर दिलं. मग चिवड्याची पिशवी द्यायची राहिली म्हणत ती माझ्यामागे गाडीपर्यंत आली.

"मॅडम, आतलं बोलणं धरू नका. मला माझा वाटा पायजे हाय. सही कर म्हणून मागं लागलेत सगळे. हे लिवा तुमी."

मी हो म्हटलं. आणि लिहिलं नाही.

का नाही? तिचा थोरला भाऊ गावचा माजी सरपंच. आमचं जेवणखाण त्याच्या घरी, आणि त्याने शब्द टाकला की गावातलं कुठलंही दार उघडायचं. बहिणीच्या मनात काय आहे हे त्याला माझ्याकडून कळलं असतं, तर माझं काम तिथेच थांबलं असतं. हे एक. दुसरं सांगायला जास्त जड जातं — माझा निष्कर्ष देखणा झाला होता. बहिणी वाटा सोडतात तो माहेर टिकावं म्हणून, आणि स्वखुशीने. एका सुनंदाने त्याला तडा गेला असता. मला तडा नको होता.

आणि मी स्वतः? बिबवेवाडीतल्या वडिलांच्या फ्लॅटमधला अर्धा हिस्सा मी भावाकडून मागून घेतला होता. चहा पिता पिता, रोखठोक. माहेर तुटेल, असा विचारसुद्धा मनात आला नाही. म्हणजे बहिणीलाही वाटा हवा असू शकतो हे मला कळत नव्हतं, असंही नाही.

अहवाल गाजला. व्याख्यानं झाली. एका वर्तमानपत्राने माझा लेख छापला. ऐकणारे भारावून जायचे, पुरुष जरा जास्तच. मी नमस्कार घेत राहिले.

आणि बऱ्याच वर्षांनी सुनंदाचा फोन आला. घर बांधलंय, वास्तुशांत हाय, यायचंच.

काय सांगू तुम्हाला ते घर! वडिलांच्याच जमिनीवर, रस्त्याला लागून. खाली ती राहते, वरच्या खोल्या आयटीतल्या मुलींना भाड्याने दिलेल्या. फाटकावर नाव तिचं, एकटीचं. बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या आणि हिने सही केलीच नाही. भाऊ चिडले, बोलायचे थांबले, दोन दिवाळ्या तिला कुणी बोलावलं नाही. ही हलली नाही. शेवटी त्यांनी तिचा तुकडा वेगळा काढून दिला. आणि माहेर? तोच माजी सरपंच भाऊ पंगतीत वाढत होता.

"दादा, मॅडमना आमटी वाढ की," सुनंदा म्हणाली. "वाढतोय बाई, दोनच हात हायेत," तो म्हणाला आणि त्याने वाकून आमटी वाढली.

मला इतका आनंद झाला की तिचं म्हणणं न लिहिल्याचा ती जाब विचारेल, ही भीतीच विसरले. तिला वाटत असेल मी तिचं म्हणणं लिहिलं, आणि वाटू दे, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. हेही सांगून टाकते.

जेवणं झाल्यावर ती मला गच्चीवर घेऊन गेली. शांतपणे म्हणाली, "दादानं तुमचा लेख वाचून दाखवला होता मला. म्हनला, बघ, पुण्याच्या मॅडमनी लिवलंय, बहिनी आनंदानं देतात. तूच येडी."



"म्हनून बोलावलं तुमाला," ती म्हणाली. "म्हनलं, बघून जाऊ द्या."

मी पाहिलं. भिंती पाहिल्या, पाण्याची टाकी पाहिली, तिने कुंड्यांत लावलेला कढीपत्ता पाहिला. मग खाली उतरले आणि घरी आले.

बहिणी स्वखुशीने वाटा सोडतात, हे अहवालातलं वाक्य खोटं आहे. लिहिताना मला ते माहीत होतं. सुनंदाविरुद्ध तिच्या भावांच्या हातात माझा लेख होता, आणि तरी ती जिंकली.