तिसऱ्या गोलातला फोटो

"माणूस बोलून थकला की मग खरं बोलतो, तोवर मोबाइल धरून बसायचं," असं प्रणिता एकदा म्हणाली होती.

ती केजची. वडील सोमलिंगअप्पा यांचं पेठेत किराणा दुकान. गोडेतेलाचे डबे आणि गुळाच्या ढेपा यांच्या मधल्या जागेत तिने अभ्यास केला, बी.ए. झाली. तोवर वर्गातल्या निम्म्या मुली लेकुरवाळ्या झाल्या होत्या. हिच्या लग्नाचा विषय निघाला की आई, जगदेवी, उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची.

तिचा पहिला व्हिडिओ आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका बाईचा. तीन मिनिटांचा, गाणं नाही, नाव नाही. बाई उन्हात का बसते आणि सावलीत कोण बसतं, एवढंच त्यात होतं. चाळीस जणांनी बघितला. दोन वर्षांनी बघणारे साठ हजारांवर गेले. खाली लोक लिहायचे, तूर डाळ काय भाव दिली ताई, किंवा लग्न कर. ती सगळं वाचायची, उत्तर कुणालाच द्यायची नाही.

तिची एक रीत होती. व्हिडिओ टाकण्याआधी तो त्या माणसाला पूर्ण दाखवायचा. नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा. असे कितीतरी पुसले. पुसलेल्यांविषयी ती बोलायची नाही, पण त्यांच्या घरी पुन्हा जायची.

एका हिवाळ्यात ती एका छोट्या गावात गेली. गावाचं नाव तिने व्हिडिओत घेतलं नव्हतं, इथेही नको. दिवाळी झाली की तिथली कर्ती माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि गावात म्हातारे व पोरं उरतात. त्या पोरांसाठी शाळेच्या दोन खोल्यांत हंगामी वसतिगृह चालतं. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था पुढारी विजयसिंहबापूंची. भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता रंगवलेला होता. सोमवारी खिचडी, मंगळवारी उसळ, गुरुवारी अंडं. चुलीत राख नव्हती. पातेल्यात कोळ्याने जाळं धरलं होतं.

छबुबाईकडे तीन नातवंडं होती. ती आधी अर्धा तास भलतंच बोलली, गुडघ्याविषयी, मेलेल्या म्हशीविषयी. मग थकली. मग म्हणाली, "हजेरीत माझी तिन्ही लेकरं रोज जेवत्यात. आन घरी येऊन रोज मला भाकर मागत्यात. मंग तिथं जेवतंय कोण?"

प्रणिताने तिला व्हिडिओ दाखवला. छबुबाईने स्वतःचं तोंड पहिल्यांदाच असं बघितलं. "लई म्हातारी दिसायलेय," म्हणाली. "टाक."

अडीच लाख लोकांनी तो बघितला. आठ दिवसांत वसतिगृहाची चूल पेटली. पोरांना खिचडी मिळू लागली, गुरुवारी अंडं. मागचे दोन हंगाम चूल बंद होती, त्याचा पैसा कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. त्या खोट्या हजेरीचे कागद शाळेच्या कपाटातच होते. कुणा अधिकाऱ्याने येऊन ते कपाट उघडावं आणि चूल पुन्हा विझू नये, एवढंच प्रणिताला पाहिजे होतं.

पंधरा दिवसांनी बापूंचा कार्यकर्ता बजरंग दुकानात आला. पाव किलो साखर घेतली आणि गल्ल्याशेजारी बसला.

"ताई, तुमच्यामुळं आमची झोप उडाली," तो हसत म्हणाला. "बापू म्हणाले, पोरीत दम हाय. तिला मंचावर बोलवा. तरुणांचा संवाद ठेवलाय, मोबाइलवर बोलणाऱ्या पोरांनी तिथं येऊन बोलायचं. जिल्ह्याचे साहेब लोक समोर बसणार."

"काय बोलायचं?"

"जे बोलायचं ते. पाच मिनिटं तुमची. वसतिगृहावर बोला की. बापूंना काय भ्या हाय?" तो उठला. "फकस्त एक फोटो पाठवा. फ्लेक्सवर टाकायला."

अप्पांनी पुडी बांधता बांधता मान हलवली. "देऊन टाक बाई. फोटोला न्हाई म्हणू नये."

आपल्याकडे फोटोला कुणी नाही म्हणत नाही. वाढदिवस असो, निवडणूक असो, दहावा असो, फ्लेक्सवर फोटो मागितला तर तो देतात; न देणं म्हणजे लग्नाची पत्रिका परत करणं. प्रणिताने दिला. साहेब लोक आणि पाच मिनिटं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. माणसाला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा कुठे लावायचा नाही, हे जिने एवढं पाळलं, तिने आपला चेहरा कुठे लागणार हे विचारलं नाही.

फ्लेक्स जिल्हाभर लागले. वर बापूंचं डोकं बैलगाडीच्या चाकाएवढं. खाली सात गोल, सात पोरं. तिसऱ्या गोलात प्रणिता. एक फ्लेक्स त्या गावातही लागला, वसतिगृहाच्या दाराशी.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती छबुबाईकडे गेली. छबुबाईने पाणी विचारलं नाही.

"बापूची हायेस, हे आधी सांगायचं व्हतंस."

"मावशी, मी कुणाची न्हाई. बोलायला बोलवलंय फक्त. फोटो त्यांनी मागितला."

"वाचता येत न्हाई मला. तोंडं वळखू येतात." छबुबाई सूप पाखडत राहिली. "वसतिगृहाचा सोमनाथ आलता. म्हणला, ती पोरगी आपलीच हाय. बापूनं पाठवलती, कोण काय बोलतंय ते बघाया."

"खोटं हाय ते."

"आसंल." सूप थांबलं. "पन तुझं तोंड त्याच्या तोंडाखाली हाय का न्हाई?"

प्रणिता दाराशीच खाली बसली.

"म्हणला, पुन्हा बोललीस तर तिन्ही नावं कमी. आता जेवत्यात गं लेकरं. खरंच जेवत्यात. तू ते पुसून टाक. आन तिथं माझं, माझ्या गावाचं नाव काढलंस, तर माझ्या लेकरांच्या ताटावर पाय दिलास म्हणून समज."

प्रणिताने तिच्यासमोर व्हिडिओ पुसला. छबुबाईने मोबाइलकडे बघितलं, पुसला गेला की नाही हे तिला कळायचा मार्ग नव्हता. परत येताना जीपमध्ये प्रणिताने बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकून घेतलं, एवढंच. मोबाइल पिशवीतून काढला नाही.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. अकराचा होता, दीडला सुरू झाला. प्रणिता गेली, कारण साहेब येणार होते. नाव न घेताही काही सांगता येईल, असं तिला वाटत होतं. शेजारी वडवणीचा अमरनाथ बसला होता. तो सासू-जावयाचे विनोदी व्हिडिओ करायचा.

"किती शाली आल्यात बघ," तो कुजबुजला. "ह्यांना वाटतंय आपण मोबाइल सोडून म्हातारे व्हायला आलोत."

सत्कार सुरू झाले. साहेबांचा, संस्थाचालकांचा, मंडपवाल्याचा, मंडपवाल्याच्या भावाचा. मग बापू चाळीस मिनिटं बोलले. या पोरांना आवाज मिळाला पाहिजे, असं त्यांनी सात वेळा सांगितलं. मग साहेबांना दुसरी बैठक होती. समोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्यांच्यावर हार तेवढे राहिले.

अमरनाथला सासूचा आवाज काढायला लावला. लोक पोट धरून हसले. "ह्याला म्हणतात तरुणाईचा आवाज," बापू म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. अमरनाथ खाली येऊन बसला. घामाने त्याची शाल मानेला चिकटली होती.

"हसलीस ना तू बी?" त्याने विचारलं.

"न्हाई."

"मी बी न्हाई."

बजरंग वाकून आला. "ताई, वेळ लई झाला. जेवणं थांबल्यात. तुम्ही आभार माना. पाच मिनिटं तुमचीच." त्याने तिच्या हातात कागद दिला. बापूंपासून सुरू होणारी एकवीस नावं होती. एकविसावं होतं, स्वागतगीत गाणारी आमच्या हंगामी वसतिगृहाची गुणी मुलं.

ती माइकसमोर गेली. पोरं मंचाखाली सतरंजीवर बसली होती, नवे गणवेश, इस्त्रीच्या घड्या अजून तशाच. सकाळपासून बसली होती. मागून मसालेभाताचा वास येत होता आणि त्यांची तोंडं तिकडे वळत होती. दुसऱ्या ओळीत छबुबाईची थोरली नात होती, स्वप्नाली. तिने प्रणिताला ओळखलं आणि मान खाली घातली. सतरंजीच्या कडेला सोमनाथ उभा होता. तो मान खाली न घालता बघत होता.

माइक चालू होता. त्यातून प्रणिताचा श्वास सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जात होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. "बोला ताई," बजरंग हळू म्हणाला. मग थोडं मोठ्याने, "बापूंपासून सुरू करा."

बापू हात जोडण्याच्या तयारीत होते.

प्रणिताने कागदाची घडी घातली, ती माइकच्या बुडाशी ठेवली. खांद्यावरची सत्काराची शाल काढून मंचावरच्या एका खुर्चीच्या पाठीवर टाकली. पायऱ्या उतरली, सतरंजीवरच्या पोरांना पाय लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने चालत गेली आणि मांडलेल्या पत्रावळींच्या रांगेतून, कुणाकडे न बघता, दारातून बाहेर पडली.